पिनहुकचं पाणी

मार्व्हेल टिडवेलने ऑर्विनच्या नगर कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. ती निवृत्त झाल्याला पाच वर्षं झाली आणि गावाची शंभरी आली. मग गावाचा इतिहास लिहायचं काम आपसूकच तिच्या गळ्यात पडलं. महापौर डॉ. केसलर दातांचे डॉक्टर, ओहायोहून आलेले. ते म्हणाले, "ऐंशी पानं, भरपूर फोटो, आणि शक्यतो कुणाला टोचेल असं काही नको."

ऑर्विन म्हणजे आधी जॉर्जियाच्या लाल मातीतलं एक रेल्वे स्टेशन, एक कापसातली सरकी काढायचा जिन आणि दोन चर्चं. स्टेशनभोवती एक मैलाचं वर्तुळ काढून १९०८ साली हद्द ठरली. पूर्वेला मात्र त्या वर्तुळाचा लचका तोडला होता. तिथे पिनहुक होतं, काळ्या लोकांची चाळीस घरं, मुद्दाम हद्दीबाहेर ठेवलेली. मग महामार्ग आला, अटलांटात नोकरी करणारे राहायला आले, कापसाच्या शेतांत वसाहती उठल्या, आणि जी झाडं तोडली त्यांचीच नावं वसाहतींना मिळाली. नऊशेचं गाव चौदा हजारांवर गेलं. एवढं मार्व्हेलने तीन आठवड्यांत लिहून काढलं. गाडी अडली ती पाण्यापाशी.

गावात नळ आला १९५८ साली. पाइप पूर्वेच्या हद्दीपर्यंत, मेथडिस्ट दफनभूमीच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. पिनहुकने तीनदा अर्ज केला, तीनदा नकार मिळाला. त्यातलं शेवटचं, १९७४ सालचं दोन ओळींचं, अतिशय सभ्य पत्र मार्व्हेलनेच टाइप केलं होतं. खाली तिची आद्याक्षरं होती. १९७९ साली पाणी मंजूर झालं. रस्ता फोडायला राज्याची परवानगी हवी, तीन महिने तरी लागतील, असं टिपण फाइलमध्ये होतं. त्याच्या पुढचाच कागद सांगत होता, की जोडणी एका दिवसात झाली. कारण एकाच ओळीचं: 'रस्त्याखाली पाइपाचा जुना फाटा आढळला.'

फाटा कुठून आला? कचेरीत कुणालाच सांगता येईना. तेव्हा ती एझेल मारबरीकडे गेली. तो बहात्तर वर्षांचा, पिनहुकच्या माउंट नेबो चर्चचा डीकन, म्हणजे तिथला कारभारी. १९५८ साली पाइपाचे चर खणणाऱ्या मजुरांत होता, आणि त्यांतला तोच आता उरला होता.

व्हरांड्यात त्याची बायको ओला मे भुईमूग फोडत बसली होती. एझेलने मार्व्हेलला खुर्ची दिली, चहात बर्फ घालून दिला.

"मिस्टर एझेल, तो फाटा कुणी टाकला, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मिस मार्व्हेल, ते विचारायला तुम्ही पन्नास वर्षं घेतलीत की!"

"मला ते कळलंच मागच्या मंगळवारी."

तो हसला. मग सरळ सांगू लागला. शेवटच्या दिवशी मुकादम जेवायला गेला होता. रस्त्यावर अजून डांबर पडायचं होतं. पाइपाच्या तोंडाला नुसतं बूच मारायचं होतं. त्याऐवजी एझेलने आणि त्याच्या चुलतभावाने तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला, रस्त्याच्या पलीकडे वीस फूट पाइप नेला, त्याला बूच ठोकलं आणि चर बुजवला. "मुकादम परत आला तेव्हा आम्ही फावड्यांवर रेलून उभे. म्हणाला, आळशी लेकाचे, अजून इथेच? आम्ही म्हटलं, हो साहेब."

"आणि एकोणऐंशी साली?"

"इंजिनियर नकाशा घेऊन डोकं खाजवत होता. मी म्हटलं, साहेब, इथे खणून बघा. त्याला वाटलं, हा जमिनीतलं पाणी ओळखणारा पानाडी आहे."

मार्व्हेल हसली, पण तिच्या एकटीचंच हसू ऐकू आलं. ओला मेचे हात थांबले होते.

"एकवीस वर्षं," ती म्हणाली.

"ओला, ऐक..."

"एकवीस वर्षं मी त्या विहिरीवरून बादल्या आणल्या. पोरांचे कपडे गंजाने लाल व्हायचे. सहासष्टच्या थंडीत पडून माझं मनगट मोडलं. आणि तुला माहीत होतं, की पाणी रस्त्याच्या अलीकडे येऊन बसलंय!"

"तुला सांगितलं असतं तर रविवारपर्यंत अख्ख्या चर्चला कळलं असतं."

"मग?"

"सोमवारी त्यांनी ते उखडून काढलं असतं. मला नोकरीवरून काढलं असतं, ते वेगळंच. नुसतं नोकरीवर भागलं असतं तर नशीब."

ओला मे उठून आत गेली. मार्व्हेलने वही मिटली. "तुम्ही म्हणाल तर लिहीत नाही," ती म्हणाली.

अकरा दिवस ओला मे नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषधाच्या गोळ्या काढून ठेवायची, पण शब्द नाही. बाराव्या दिवशी तिने मार्व्हेलला फोन केला.

"लिहा," ती म्हणाली. "पण माझंही लिहा. दिवसाला बारा बादल्या. धुण्याच्या दिवशी तीस. आणि विहीर किती लांब होती तेही. याच्या शहाणपणाचं कौतुक होणार, तर ते कुणाच्या खांद्यावर चाललं होतं तेही छापून येऊ दे."

मार्व्हेलने जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली १९७४ सालचं पत्र दिलं आणि ते टाइप कुणी केलं तेही.

समितीत वाद झाला. केसलरांना फाट्याची गोष्ट फार आवडली. "पत्र मात्र काढा, मिस मार्व्हेल. उगाच जुनं उकरायचं कशाला?"

"फाटाही उकरूनच सापडला होता, डॉक्टर."

तीन विरुद्ध दोन मतांनी पत्र पुस्तकातून वगळलं. मार्व्हेलने वाद घातला नाही. घरी तिने ते पत्र पुन्हा टाइप केलं, सहाशे प्रती काढल्या, आणि छापून आलेल्या प्रत्येक पुस्तकात एकेक घडी स्वतः घालून ठेवली. उत्सवाच्या दिवशी टेबलामागेही तीच बसली. केसलरांच्या लक्षात आलं तेव्हा चारशे प्रती संपल्या होत्या. पुढच्या कुठल्याही समितीत त्यांनी तिला घेतलं नाही.

ओला मेने पाच प्रती घेतल्या, तीन डेट्रॉइटच्या मुलांसाठी. एक प्रत उघडून तिथेच उभ्याने आपलं पान वाचलं.

"बरोबर आहे?" मार्व्हेलने विचारलं.

"विहीर याहून लांब होती," ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारली, "चल रे, उन्हात उभा राहू नकोस."

तीन वर्षांनी ऑर्विनने पिनहुकला हद्दीत घ्यायचा ठराव आणला. तिथल्या जमिनीवर दुकानांचा मॉल व्हायचा होता. पिनहुकच्या लोकांनी माउंट नेबोमध्ये बसून मतदान केलं आणि नाही म्हणून कळवलं. पत्राचा मजकूर ओला मेने सांगितला, एझेलने लिहून घेतला. १९७४ च्या पत्रासारखंच ते दोन ओळींचं होतं आणि अतिशय सभ्य होतं.