घड्याळवाल्याचं दुखणं

अपघात विभागातल्या थोरल्या सिस्टरना सगळे पाठीमागे 'हवालदार' म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. पंचवीस वर्षं त्या खोलीत काढल्यावर कुणी 'माउली' म्हटलं असतं, तर आपल्या कामात काहीतरी कमी पडतंय असंच त्यांना वाटलं असतं.

त्या दुपारी तीन नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. वय सत्तरीच्या आसपास, बोलणं जेवढ्यास तेवढं. बरोबर बायको आणि सून. चार दिवसांपासून अंग ठणकत होतं आणि सकाळी लघवी लालसर झाली होती. डॉक्टर नवा होता. हुशार, पण कायम घोड्यावर बसलेला. त्याने लघवीच्या नमुन्यात तपासणीची पट्टी बुडवली, पट्टीवर रक्ताची खूण उमटली आणि तो निदान सांगून मोकळा झाला. "मुतखडा. दुखण्याचं इंजेक्शन द्या, उद्या सोनोग्राफी, आज घरी."

सिस्टर इंजेक्शन भरून आल्या. "काका, जरा कुशीवर वळा."

काकांना वळता येईना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचीच मांडी धरली आणि पाय उचलून पलीकडे ठेवला. सिस्टरनी मांडीवर नुसतं बोट टेकवलं, तर काका कळवळले. मुतखड्याचे रोगी त्यांनी ढिगाने पाहिले होते. ते खाटेवर गडबडा लोळतात, उठतात, फेऱ्या मारतात, देवाला आणि डॉक्टरला सारख्याच शिव्या घालतात. हा माणूस मात्र ओंडक्यासारखा पडून होता. त्यांनी नमुन्याची बाटली उजेडात धरली. लघवी लाल नव्हतीच मुळी. उकळून उकळून काळा झालेला चहा असावा, तसा रंग होता.

सिस्टरनी सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

"डॉक्टर, हे इंजेक्शन मी देणार नाही."

"का? काय झालं?"

"तुम्ही पट्टीला हात लावलात, माणसाला लावला नाहीत. एकदा लावून बघा."

डॉक्टरचे कान लाल झाले, पण तो उठला. हे त्याचं चांगलं होतं; रागावला तरी उठायचा. तो मांड्या दाबून बघत होता, तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. तिथल्या बाई म्हणाल्या, "सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा पाहिलं. रक्ताची एक पेशी सापडेल तर शपथ. पट्टी मात्र रक्त आहे म्हणून ओरडतेय."

डॉक्टर नमुन्याच्या बाटलीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "स्नायू. हा स्नायूंतला रंग आहे. पट्टीला दोन्हींतला फरक कळत नाही."

"तुम्हाला कळला ना? मग झालं," सिस्टर म्हणाल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. स्नायू मोडायला लागले की त्यांच्यातला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसतो. गाळणी तुंबली की माणूस डायलिसिसच्या मशीनवर जातो, कधी हातचाही जातो. दुखण्याच्या त्या इंजेक्शनाने नेमका त्याच गाळणीवर ताण आला असता. सिस्टरनी दोन्ही हातांत सलाईन सुरू केलं, हृदयाचा आलेख काढला, तासातासाची लघवी मोजायला बाटल्या मांडल्या. रक्ताचा अहवाल आला. स्नायू किती मोडलेत ते सांगणारा आकडा असायला हवा त्याच्या शंभर पटींच्या वर होता.

"औषधं कुठली चालू आहेत?" डॉक्टरने विचारलं.

सुनेने फाइल उघडली. कोलेस्टेरॉलची गोळी रोज एक. शिवाय आठ दिवसांपूर्वी खोकल्यासाठी दुसऱ्या दवाखान्यातून आणलेलं अँटिबायोटिक.

"या दोघांचं पटत नाही. हे अँटिबायोटिक असलं की गोळी शरीरात साचत जाते," डॉक्टर म्हणाला. "पण एका गोळीने इतकं? काका, एकच घेता ना?"

"एकच," काका छताकडे बघत म्हणाले.

"एकच, मी स्वतः देते," बायको म्हणाली.

"एकच, मी स्वतः देते," सूनही म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हवालदारांच्या आलं.

त्यांनी एकेकीला काहीतरी निमित्त काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं. बायको म्हणाली, "सकाळी चहाबरोबर देते हो. सुनेवर सोडलं तर राहून जाईल. तिला नोकरी, मुलं, हजार व्यवधानं." सून म्हणाली, "रात्री नऊला हातात ठेवते. आईंना हल्ली आठवत नाही. पण तसं सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी वेगळं पाकीट आणून ठेवलंय." दीड महिना हा प्रकार चालू होता.

सिस्टर परत आल्या आणि खाटेचा पडदा ओढला. "काका, दिवसाला दोन गोळ्या. बरोबर?"

काकांनी डोळे मिटले. "सिस्टर, त्यांना सांगू नका. पाच वर्षं आमच्या घरात दोघींचं विळ्या-भोपळ्याचं नातं होतं. आत्ता कुठे एकत्र बसून बोलायला लागल्यात. एकीची घेतली आणि दुसरीची नाकारली असती, तर पुन्हा सुरू झालं असतं. म्हटलं, एवढीशी तर गोळी."

सिस्टर भडकल्या. आपल्या आवाजाला त्या आवर घालत नसत, आज मात्र पडद्याबाहेरच्या दोघींसाठी घातला. "एवढीशी? तुमच्या मांड्या विरघळतायत, कळतंय का? घरातली शांतता मोठी असेल, पण मूत्रपिंडं दोनच असतात. डॉक्टरांना मी आत्ता सांगणार, कारण ते औषध आहे. तुमच्या घरच्यांना सांगणार नाही. ते तुम्ही सांगाल, स्वतःच्या तोंडाने. नाहीतर महिन्याभरात दुसऱ्या कुठल्यातरी गोळीपायी मला पुन्हा इथेच भेटाल."

त्यांनी सर्रकन पडदा उघडला.

काकांनी सांगितलं. खाली मान घालून, अडखळत, पण सांगितलं. बायको आधी सुनेकडे बघत राहिली, सून सासूकडे. सिस्टर भांडण सोडवायच्या तयारीनेच उभ्या होत्या.

"म्हणजे माझ्या हातून..." बायकोचा आवाज फुटला.

"नाही आई, माझ्याही." सुनेने तिचा हात धरला. मग दोघी एकदम काकांकडे वळल्या, आणि त्या दोघींनी मिळून त्यांना जे काही फैलावर घेतलं, ते ऐकून पाच नंबरच्या खाटेवरचा पाय मोडलेला माणूससुद्धा आपलं दुखणं विसरला. सिस्टरनी त्यांना पाच मिनिटं बोलू दिलं. मग दोघींना बाहेर काढलं.

संध्याकाळपर्यंत बाटलीतला चहा पातळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साध्या पिवळ्या रंगावर आला. दुपारच्या अहवालात मूत्रपिंडं शाबूत होती. डॉक्टर अहवाल घेऊन स्वतः सिस्टरकडे आला. "काल मी त्यांना घरी पाठवत होतो," तो म्हणाला. "हो, पण पाठवलं नाहीत," सिस्टर म्हणाल्या, आणि सहा नंबरच्या खाटेकडे निघाल्या.

भेटीच्या वेळी बायकोने डब्यातून सूप आणलं होतं. सून उशी सारखी करत होती. बायकोने चमचा भरला आणि सवयीने काकांच्या तोंडाशी नेला.

"आत्ता नको," काका म्हणाले.

चमचा तसाच हवेत राहिला. बायकोच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा येऊन गेली, सिस्टरनी ती नीट पाहिली. काकांनीही पाहिली, पण तोंड उघडलं नाही. बायकोने चमचा परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्हाला केव्हा हवं?"

 हे काकांना कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि उत्तर द्यायला त्यांना खरोखरच वेळ लागला.