वहीतला जांभळा

"पडदे कधी बदललेस?" शाईकाकांनी विचारलं.

काकू उशीला अभ्रा घालत होत्या. "सहा वर्षं तेच आहेत. धुऊन धुऊन विटलेत उलट."

"मग एवढे निळे कसे दिसतात?"

"डोळा उघडलाय ना तुमचा. एकच उघडलाय तेच बरं. दोन्ही उघडले की माझे पांढरे केस मोजत बसाल."

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते आणि काळा चष्मा आजच उतरला होता. उजव्याची तारीख पुढच्या महिन्यातली होती. काका एकेक डोळा मिटून घरभर हिंडले. उजव्याला घर जुन्या कागदासारखं पिवळट दिसे, डाव्याला धुऊन काढल्यासारखं. या नव्या खेळावर ते बेहद्द खूश होते आणि त्याच खुशीत रजेनंतर पहिल्यांदा जेवणाचा डबा घेऊन छापखान्यात गेले.

छापखान्यात ते एकतीस वर्षं शाया मिसळत होते. साबणाच्या वेष्टनावरचा जांभळा ही तर त्यांची खास मिजास. तो कुठल्या डब्यात तयार मिळत नसे. काका काचेवर जांभळी, पांढरी आणि किंचित गुलाबी शाई पातीने घोटून तो उभा करत आणि दर वेळी त्याचा एक ठिपका अंगठ्याने वहीत उमटवून खाली तारीख घालत. वजनकाट्याला त्यांनी कधी हात लावला नाही. "काटा चुकेल, डोळा चुकत नाही," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की पैलवान ते त्यांच्या आधीच पुरं करायचा.

पैलवान म्हणजे अंगावर मूठभर मांस नसलेला मशीनमन. काकांचं आणि त्याचं रोज वाजायचं. शाई घट्ट झाली, पातळ झाली, उशिरा आली, काही ना काही निघायचंच. एखाद्या दिवशी खटका उडाला नाही तर दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

आता साबणवाल्यांना वेष्टनावर फुलांचं चित्र हवं होतं. सगळं नेहमीच्या चार शायांत छापायचं, जांभळ्याची वेगळी शाई बंद. तो निळ्या आणि गुलाबी ठिपक्यांतूनच काढायचा, पण लोकांना मात्र आपलाच साबण वाटला पाहिजे. कुठला नमुना पास करायचा ते मालकांनी काकांवर सोपवलं होतं. दुसऱ्या कुणाचं मत मला नको, असंही ते चारचौघांत म्हणाले होते.

कॉम्प्युटरवरच्या मुलीने खिडकीजवळ तीन नमुने मांडले. शेजारी मागच्या महिन्यात छापलेलं वेष्टन आणि काकांची वही ठेवली.

"काका, कशाशी जुळवू? वहीशी की वेष्टनाशी? दोन्हींत फरक आहे."

"फरक कसा असेल? एकाच डब्यातली शाई ती."

काका वाकले. वहीतला ठिपका निळसर होता, वेष्टन नव्हतं. त्यांनी डावा डोळा मिटला. दोन्ही रंग एक झाले. डावा उघडून उजवा मिटला. पुन्हा वेगळे झाले.

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. प्रत्येक पानावर त्या त्या खेपेचं वेष्टन टाचलेलं होतं. सगळी वेष्टनं एकसारखी. ठिपके मात्र गेल्या तीन वर्षांत हळूहळू निळ्याकडे सरकत गेलेले. डोळ्याला निळा कमी दिसत होता म्हणून हात गुलाबी शाई कमी घालत होता. चुकलेली शाई यंत्रावर जाऊन बरोबर होऊन येत होती, ती काही आपोआप नव्हे.

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. पैलवान पाठमोरा रूळ पुसत होता. त्याच्या पायापाशी फळीखाली गुलाबी शाईचा छोटा डबा होता आणि त्यात चहाचा चमचा. हरवला म्हणून काकांनी ज्याच्यासाठी सगळ्या छापखान्याला फैलावर घेतलं होतं, तोच.

"काका, मालक थांबलेत. काय सांगू?"

वहीशी जुळव, असं म्हटलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. एकतीस वर्षांची वही होती. पण मग उद्यापासून चुकलेला जांभळाच घरोघरी गेला असता.

"वेष्टनाशी," काका म्हणाले. "वहीतला चुकलाय. माझा डोळा चुकत होता."

मुलगी खाली बघून नमुने उगाच सारखे करत राहिली.

काकांनी भिंग लावलं. "हा दुसरा जवळचा आहे. गुलाबी चार-पाच टक्के वाढव. थोडा मळकट येणार, चार शायांत याहून उजळ निघत नाही. मालकांना तसं सांग. वहीचंही सांग."

मग ते यंत्रापाशी गेले.

"चमचा माझा आहे."

"कुठला चमचा?" पैलवान वळला नाही.

"पैलवान."

त्याने फडकं खाली ठेवलं. "तीन वर्षं होतील."

"आणि वर रोज भांडत होतास."

"भांडलो नसतो तर तुम्हाला संशय आला असता."

"तोंडावर सांगायचं होतंस."

"तुम्ही तिथल्या तिथे पिशवी उचलून घरी बसला असतात. डॉक्टरकडे नसता गेलात. म्हणून काकूंना सांगितलं. त्यांनाही तुम्हाला हलवायला दोन वर्षं लागली."

काकांना काकूंची दोन वर्षांची भुणभुण आठवली. रागावायचं त्यांनी मनात ठरवलं होतं, पण राग काही येईना. एवढं जपलं जाण्यासारखं आपण या माणसाशी कधी बोललोही नाही, असं त्यांना वाटलं.

जुन्या वेष्टनाची शेवटची खेप दुपारी लावायची होती. काकांनी काच पुसली, शाई घोटली आणि वही पुढे केली.

"लाव अंगठा."

"मी?"

"तीन वर्षं रंग तुझाच आहे."

पैलवानाने पॅंटला अंगठा पुसला, शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. काकांनी शेजारी वेष्टन धरलं, डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा मिटून पाहिलं. दोन्ही डोळ्यांना रंग एकच दिसत होता.

"शाई घट्ट आहे," पैलवान म्हणाला.

"मग पातळ कर," काका म्हणाले आणि त्यांनी खाली तारीख घातली.