टीव्हीतून आलेलं नाव

हे लिहायचंच नाही, असं ठरवलं होतं. वाल्मिक माझा जिगरी आणि गोष्ट त्याच्या घरातली. पण परवापासून डोक्यातून जाईना. म्हणून लिहीत बसलोय, सुचेल तसं.

मी टीव्ही, डिश दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही, खोलून खोलून शिकलो. शेवगावला बाया सरपंचांचं तीन दिवसांचं शिबिर, तिथं डिश बसवायला मला बोलावलं. पंचायतीत बायांना जागा राखीव झाल्या त्याला दोन-तीनच वर्षं झालीत. शिकवणारी मॅडम पुण्यात. ती तिथून बोलणार, गावोगावच्या हॉलात टीव्हीवर दिसणार. काही विचारायचं असलं तर हॉलातल्या फोनवरून विचारायचं. असं शिकवतात हेच मला नवीन.

पुढं सतरंजीवर बाया, मागं खुर्च्यांवर त्यांचे नवरे. सोडायला आले आणि तिथंच बसले. वाल्मिकची आई झुंबरबाई आमच्या गावची सरपंच. मी मावशी म्हणतो. टीव्ही लागला तसा तिनं पदर डोक्यावर घेतला.

"ती काय तुला बघती व्हय गं?" शेजारीण हसली.

"मी बघती ना तिला," मावशी म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "शेवगाव, काही प्रश्न?" कुणी हलेना. मग मावशीच उठली. मी नंबर लावून फोन हातात दिला. तिनं भिंतीकडं तोंड केलं, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि हळूच बोलायला लागली. फोनवरचं बोलणं दोघांतलं, हेच आपल्याला माहीत.

आणि टीव्हीतून, हॉलभर, तिचाच आवाज!

"आमच्याकडं मिटिंगला सरपंचाच्या खुर्चीत आमचे मालक बसत्यात. मी दारात. समदीकडं असंच असतंय का वो, का आमच्याकडंच?"

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. दाराशी उभा वाल्मिक पांढराफटक. मागं त्याचा बाप, पुंजारामकाका, तोंडातलं पान चघळायचंच विसरला.

"पुंजाबा, टीव्हीत आलास की राव!" कुणीतरी खिदळलं.

मावशी वळली. आधी टीव्हीकडं बघितलं, मग मागं मालकांकडं. तिला सगळं कळलं. आता ही चक्कर येऊन पडती, असं मला वाटलं. फोन काढून घ्यायला हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला.

मॅडम विचारत होत्या, "ताई, हे मालक म्हणजे कोण? नाव काय?"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, तेही लाजत. दवाखान्यात विचारलं तरी मावशी वाल्मिकला पुढं ढकलायची.

"पुंजाराम," मावशी म्हणाली.

राव नाही, बाबा नाही. आणि लगेच टीव्हीतून परत, "पुंजाराम."

बायांनी तोंडाला पदर लावले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सरपंच तुम्ही, ताई. सभेच्या अध्यक्ष तुम्ही. खुर्ची तुमचीच."

काका उठले, टोपी घातली, वाल्मिकचं मनगट धरून बाहेर गेले. थोड्या वेळानं वाल्मिक एकटाच आला. मी डिशपाशी होतो.

"सम्राट, बाबा म्हनत्यात, सोमवारच्या ग्रामसभेत तू उभं ऱ्हाऊन सांगायचं. लाईन क्रॉस झाली, दुसऱ्याच गावची बाई बोलली. मशीन तुझं, लोक तुझंच ऐकत्याल."

"आनि न्हाई सांगितलं तर?"

"तर आईनं राजीनामा द्यायचा. न्हाईतर घराची पायरी चढायची न्हाई." त्यानं माझा हात धरला. "सांग ना लेका. एक थाप तर मारायची."

मी खिडकीतून आत बघितलं. मावशी परत सतरंजीवर बसली होती, नजर टीव्हीवरच. फोनपाशी आता दोघी-तिघी उभ्या होत्या.

"आधी तू सांग," मी म्हणालो. "खुर्ची कुनाची?"

तो खाली बघून म्हणाला, "आईची."

"मग ऐक. थाप मी मारनार न्हाई. सोमवारी तुझ्या आधी सभेत येऊन बसतो. आवाज मावशीचाच हुता, लाईन चांगली हुती, हे सगळ्यांम्होरं सांगतो. आनि त्या दिवशी काकांनी घरात घेतलं न्हाई, तर मावशी आमच्या घरी, माझ्या आईपाशी ऱ्हाईल. शब्द देतो तुला."