मनोऱ्यावरून उतरण्याची रीत

पणजी सुईण होती. अडलेल्या बायकांना ती ओरडून ओरडून मोकळे करी. आजी मुख्याध्यापिका, तिचा आवाज चार वर्गांपलीकडे जाई. आई वकील; साक्षीदार तिच्यापुढे आधी बोलत आणि मग भानावर येत. अशा घराण्यातली ही कन्या मात्र लोकांसमोर गप्प बसण्याचे पैसे घेत असे. क्रीडामानसशास्त्रज्ञ हा शब्द उच्चारायला कोणाला सवड नसल्याने तलावावर सगळे तिला ‘मनवाल्या बाई’ म्हणत.

त्या दिवशी राष्ट्रीय संघातली, सगळे जिला ठिणगी म्हणत ती पोर सकाळपासून दहा मीटरच्या मनोऱ्याच्या कडेशी जाऊन परत फिरत होती. पाण्याकडे पाठ करून मारायचा सूर तिच्या अंगातून निघून गेला होता. दुखापत नाही, ताप नाही. गेला म्हणजे गेला. पुढच्या स्पर्धेसाठी संघाची नावे दुपारी कळवायची होती, आणि कळवणारे प्रशिक्षक तिचे सख्खे वडील असल्याने गय होण्याची मुळीच आशा नव्हती.

“अगं, काहीतरी बोल तिच्याशी! दोन महिने नुसती मान हलवते आहेस.”

“बोलायला तुम्ही आहातच की, सर. तुमचं ऐकूनच ती थिजलीय.”

सरांशी असे कोणी बोलत नसे. पण ही त्यांचीच जुनी शिष्या. शाळेत असताना तीही याच मनोऱ्यावर खांबासारखी उभी राहिली होती आणि खाली पोरे खिदळत होती. तेव्हा सर वर चढले, “गुडघा धरलाय, मला खाली ने,” म्हणाले आणि तिच्या खांद्यावर भार टाकून लंगडत उतरले. सगळे सरांकडे पाहत राहिले. गुडघा ठणठणीत होता. ते ऋण तिच्या डोक्यावर अजून तसेच होते.

तिने चपला काढल्या आणि जिना चढायला घेतला. बेत तोच: चक्कर आल्याचे सोंग करायचे आणि पोरीला मानाने खाली आणायचे. वर पोचून तिने खाली पाहिले मात्र, सोंगाची गरज उरली नाही. जिन्याच्या तोंडाशीच ती कठडा कवटाळून बसली.

“ताई, काय होतंय?”

“भीती वाटतेय. फार.”

“तुम्हाला? तुम्ही तर भीतीच्या डॉक्टर!”

“डॉक्टरला ताप येत नाही का?”

“सरका तरी! बाबांना बोलावते.”

“सरकता येत नाहीये.”

ठिणगीने हाका मारल्या. वरून पाणी नीट दिसावे म्हणून त्यावर सोडलेल्या फवाऱ्यांच्या आवाजात एकही खाली पोचेना. “कमाल आहे बाई तुमची!” ती इतकी वैतागली की कोणता सूर मारावा, हे ठरवायचेच राहिले. पायांनी सवयीने पाण्याकडे पाठ फिरवली आणि ती गेली. पाणी जेमतेम हलले.

“बाबा, ताई वर अडकल्यात!” डोके बाहेर काढताच ती ओरडली.

सरांनी लेकीचे नाव कळवले, फवारे बंद करवले, नाक शिंकरले आणि मग वर पाहिले.

“फिटलं गं तुझं! आता मी येऊ का न्यायला?”

“मुळीच नको!” वरून उत्तर आले. “फिटलंय ते फिटलेलंच राहू द्या.”

आणि साऱ्या तलावादेखत, बसल्या बसल्या, एकेक पायरी सरकत ती आपली आपण खाली आली.