दोन सैन्यांच्या मधे

शाल्वा जॉर्जियातल्या त्बिलिसीहून निघाला, तेव्हा बाप जिन्यापर्यंतसुद्धा आला नाही. "सैनिकच व्हायचं होतं तर इथं काय कमी होतं?" एवढंच म्हणाला आणि हातातल्या बुटाला टाके घालत राहिला.

इस्रायलला येऊन शाल्वाने गणवेश चढवला. हिब्रू शिकला ती शिव्यांपासून, आणि गोलानच्या टेकडीवरच्या एका चौकीत जाऊन पडला. हिवाळ्यात आईचा फोन आला.

"बाबांनी अंथरूण धरलंय. तुझं नाव काढत नाहीत, पण दार वाजलं की मान वळवतात."

पोरांच्या घरच्या अडचणी बघणाऱ्या होदाया सार्जंटने खटपट करून रजा मिळवून दिली. शाल्वाने बॅग भरली आणि आईला कळवलं. 

"येऊ नकोस, बाळा. इथले सक्तीच्या लष्करभरतीवाले तुला विचारत येऊन गेले. विमानतळावरच उचलतील."

"अगं, मी इथे सैनिक आहेच की."

"त्यांना त्याचं काय? त्यांच्या लेखी तू पळालेला."

शेजारच्या खाटेवर लोळत पडलेला त्याच्या तुकडीतला नेतानेल हसला. "दोन-दोन सैन्यांना हवा असलेला तू एकटाच, बाबा. आम्हाला एकानेच जीव नकोसा केलाय."

शाल्वाही हसला आणि बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवू लागला. रजा होती, पण भाड्याच्या खोलीत भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा पहारा बरा.

शुक्रवारी आईने फोन बापाच्या कानाशी धरला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"बूट कसे आहेत?" बापाने विचारलं.

"टाचेला चावतात."

"आतून ओले कर. मग ठोक."

त्यानंतर बाप बोलला नाही. रविवारी गेला. शाल्वाविनाच त्याला पुरलं.

ज्यू रीतीप्रमाणे गेलेल्यासाठीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते चौकीत जमवावे लागले. दहावा म्हणून स्वयंपाक्याला चुलीपुढून उठवून आणलं. बाप गेल्यावर शोक म्हणून अंगातलं वस्त्र फाडायचं, हीसुद्धा रीतच. शाल्वाचा हात गळ्याशी जाऊन थांबला. गणवेश लष्कराचा होता.

"फाड. दुसरा देते मी," होदाया हळूच म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली. बटणं काढली आणि आतला, घरून आणलेला बनियन छातीवर फाडला. मग पुन्हा बटणं लावली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "तुला ये म्हणता येत नाही रे," ती म्हणाली.

"नको म्हणूस."

मग दोघंही फोन न ठेवता तसेच बसून राहिले.