पातेल्याखालचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. पण मला ना काटे आहेत, ना माझी टिकटिक ऐकू येते. मी नुसता एक लोखंडी खोका आहे. अँटेनातून उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि सेकंदाचा कणभरही चुकत नाही. उमेदीच्या काळात मी टेलिफोन केंद्राच्या गार खोलीत होतो. सारं शहर माझ्याकडून वेळ घ्यायचं! मग तिथे नवीन यंत्र आलं आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली. तिथून मला काकांनी घरी आणलं. काका म्हणजे निवृत्त रेडिओ मेकॅनिक.

पहिल्या दिवशी त्यांनी गॅलरीत माझा मुठीएवढा पांढरा अँटेना बसवला, माझा हिरवा दिवा लागला आणि काका लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. संध्याकाळी मात्र आकाश अचानक गप्प झालं. दिवा लाल झाला, तो लालच राहिला. अँटेना एकदा चालला होता, तेव्हा दोष माझ्याच पोटात असणार, असं काका धरून चालले. त्यांनी मला उघडलं, धूळ झटकली, वायर बदलली, पंखासुद्धा बदलला. छे! काही उपयोग झाला नाही.

पण खरं सांगू? त्या लाल दिव्यापेक्षा मला जास्त झोंबायचं ते स्वयंपाकघरातलं घड्याळ. प्लॅस्टिकचं, तेलकट, आणि चक्क दहा मिनिटं पुढे! तरी काकू त्याला रोज फडक्याने पुसायच्या, "माझं गुणी घड्याळ" म्हणायच्या. आणि मी? "हा मेला खोका नुसती वीज खातो." नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी काकांनी हात टेकले. "उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो," ते म्हणाले.

"मग माझं पातेलं मोकळं करते," काकू म्हणाल्या.

"कसलं पातेलं?"

"अहो, गॅलरीतलं. तुमचं ते पांढरं बोंड उन्हापावसात उघडं पडलं होतं बिचारं. पहिल्याच दिवशी झाकलं मी."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. गॅलरीत काकूंची घासलेली भांडी कायम उपडी वाळत असतात. त्यांत एक पातेलं जास्त आहे, हे कुणाच्या ध्यानात येणार?

"अगं, स्टीलच्या पातेल्याखालून त्याला आकाश कसं दिसेल?"

"मग तसं सांगायचं नाही का? मी आपली काळजीच घेतली!"

पातेलं निघालं आणि थोड्या वेळात माझा दिवा हिरवा झाला. भंगार टळलं! आता या घरात आपलंच राज्य, असं मला वाटलं. काका तर लगेच स्टूल घेऊन त्या प्लॅस्टिकच्या घड्याळाची वेळ दुरुस्त करायला निघाले.

"खबरदार हात लावलात तर!" काकू कडाडल्या. "ते पुढे आहे म्हणून तरी तुम्ही वेळेवर पोचता."

काकांनी स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं.

आता पाहुणे आले की काका मला मोठ्या अभिमानाने दाखवतात. पण स्वतःला कुठे जायचं असलं की स्वयंपाकघरात डोकावतात आणि "बाप रे, उशीर झाला!" म्हणत चपला शोधत सुटतात. जळतो मी, मित्रांनो, अजूनही जळतो. माझ्यासारख्या कुणाला तुम्ही घरी आणलंत, तर त्याचं आकाश मोकळं ठेवा. आणि जमलं तर, बाहेर पडताना एकदा तरी त्याच्याकडे बघून निघा.