मंदाचा भाग

आमच्या काल्हेरच्या बँडात मी उफोनियम वाजवायचो. पितळेचं, जाड आवाजाचं वाद्य. लग्नात त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण ते थांबलं की बाकीचं सगळं पोकळ वाटायला लागतं. हे माझं नाही, रामदासचं म्हणणं. बँड त्याचा. फौजेच्या बँडात चौदा वर्षं क्लॅरोनेट वाजवून एक्क्याऐंशी साली तो गावी परतला, भिवंडीत कापड विणायच्या लूमवर कामाला लागला आणि आम्हा दहा-बारा जणांना गोळा करून त्यानं बँड उभा केला. शुक्रवारी कारखाने बंद असायचे. तेव्हा सकाळी एका शेठच्या शेडमध्ये, थांबलेल्या लूमच्या मधल्या जागेत आम्ही प्रॅक्टिस करायचो.

त्याला दोन मुली. थोरली मंदा. पाण्याला जायचं, दुकानात जायचं, बापाला डबा पोचवायचा, सगळं पळत. धाकटी कमळ. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑपरेशन तिला झेपायचं नाही, आहे तोवर जपा. तिचे ओठ आणि नखं जांभळी दिसायची. चार शब्द बोलली की थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचे चार.

सत्त्याऐंशी साली चातुर्मासात लग्नं बंद असताना रामदासनं एक मोठी वही आणली आणि स्वतःचं काहीतरी लिहायला घेतलं. आम्हाला म्हणाला, "फौजेत असं ऐकलेलं मी. एक वाद्य पुढं होऊन बोलतं आणि बाकीची त्याला साथ देतात. मी क्लॅरोनेटवर बोलणार, तुम्ही साथ द्यायची. ढोल नाही, ताशा नाही. फक्त फुंकायची वाद्यं."

ढोलवाला महिनाभर रुसून बसला.

त्या लिहिण्याचे दोन भाग होते. पहिला मंदाचा, दुसरा कमळचा. मंदाच्या भागात क्लॅरोनेट नुसतं उड्या मारत सुटायचं आणि आम्ही धापा टाकत त्याच्या मागं. कमळच्या भागात ते चार सूर बोलायचं आणि थांबायचं. तेवढ्या जागेत मी एक लांब सूर धरायचो. मग पुढचे चार. पहिल्यांदा वाजवून झालं तेव्हा ट्रंपेटवाल्यानं डोळे पुसले. आम्हाला वाटलं, यापेक्षा चांगलं रामदासच्या हातून काही होणार नाही.

दसऱ्याला, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात विहारासमोर आम्ही ते वाजवलं. रामदासची बायको, द्रौपदीवहिनी, दोन्ही मुलींना घेऊन पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. पहिला भाग झाला, टाळ्या पडल्या. दुसरा सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या थांब्याला मागून कुणा म्हातारीचा आवाज आला, "अगं, ही तर आपली कमळ हाय!"

लोक हसले. वाईट मनानं कुणी हसलं नव्हतं, ओळख पटली म्हणून हसले. पण मी समोरच बघत होतो. कमळनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा तिनं माझ्यादेखत त्याला विचारलं.

"बाबा, ताईला पळवलंस." श्वास घेतला. "मला का बसवलंस?"

रामदास म्हणाला, "कमळे, मी मायेनं लिहिलं गं. तू जशी बोलतेस तसं."

"ते सगळ्यांना दिसतंच." पुन्हा श्वास. "तुलापण तेवढंच दिसतं?"

मी चहा न घेताच उठलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिचा भाग वहीतून फाडला आणि नवा लिहायला घेतला. या वेळी तिला शेजारी बसवून. तिनं ठरवलं होतं की या भागात विहारापासून खाडीच्या धक्क्यापर्यंत आपण एका दमात पळत जायचं. ती वाट सांगायची आणि तो सूर मांडायचा. "आता काशीआत्याचं अंगण. तिथं वाळवण घातलंय, उडी मार." तो उडी मारायचा. "आता कुत्रं मागं लागलं." क्लॅरोनेट किंचाळायचं आणि ती हसून हसून निळी पडायची. मग वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, पुरे करा आता, हसवू नका तिला!"

त्या भागात एकही थांबा नव्हता. पहिल्या सुरापासून धक्क्यापर्यंत एकच श्वास. रामदासचं वय तेव्हा पंचेचाळीस, सहा-सात वर्षांची कापसाची धूळ छातीत बसलेली. कुत्र्यापर्यंत यायचा आणि त्याचा दम तुटायचा. कमळ टाळ्या पिटायची.

"बाबा दमला! बाबा दमला!"

तिच्याऐवजी दुसरंच कुणीतरी दमतंय, याचा तिला इतका आनंद व्हायचा की मला वाटतं कधी कधी तो मुद्दाम लवकर दमत असेल.

असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत कमळ गेली. सकाळी दात घासायला उठली, उंबऱ्यावर टेकली, ती तशीच. बारा वर्षांची होती. निरोप आला तेव्हा मी ड्युटीवर होतो. लूम तसाच चालता सोडून निघालो. पोचलो तर रामदास तिच्या तळपायांची धूळ आपल्या हातानं पुसत बसला होता.

पुढं दहा महिने त्यानं क्लॅरोनेटची पेटी उघडली नाही. मग एका शुक्रवारी शेडमध्ये आला आणि म्हणाला, "कमळच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला, वर्षाच्या दिवशी, वाजवू."

मी म्हणालो, "कुत्र्यापाशी दम तुटला तर मी सूर धरतो. लोकांना कळणारपण नाही."

"न्हाय," तो म्हणाला. "कुणी मधे यायचं न्हाय. ती एकटी पळणार हाय."

"आणि पहिला भाग?"

"तो नको. त्या दिवशी फक्त कमळ."

मंदा चहा घेऊन आली होती. कप गोळा करून ती निघून गेली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्या दिवशी विहारात वंदना झाली, भंते बोलले, मग आम्ही वाद्यं उचलली. रामदास जीव खाऊन वाजवत होता. अंगण पार केलं, वाळवणावरून उडी मारली, कुत्र्याच्याही पुढं गेला. तिथवर तो कधीच पोचला नव्हता. मला वाटलं, पोचतोय. आणि धक्का आठ-दहा सुरांवर आला असताना त्याचा श्वास संपला. क्लॅरोनेटमधून नुसती हवा आली. माझं वाद्य ओठाला होतं. पण त्यानं नको म्हटलेलं. मी फुंकलं नाही. कुणीच फुंकलं नाही. विहारात वहिनींच्या हुंदक्याशिवाय आवाज नव्हता.

तो क्लॅरोनेट खुर्चीवर ठेवून वही घेऊन बाहेर पडला. मी मागोमाग गेलो. धक्क्यावर जाऊन त्यानं वही खाडीत फेकली. ओहोटी होती. वही पाण्यात न पडता गाळात पडली, पानं उघडी. खाली उतरून उचलता आली असती. भरती यायला दोन-अडीच तास लागले, तेवढा वेळ आम्ही दोघं तिथंच उभे होतो. मग पाणी आलं आणि वही गेली.

बँड त्यानंतर चारेक वर्षं कसाबसा चालला. त्र्याण्णवमध्ये मंदाचं लग्न होऊन ती मानकोलीला गेली. त्या लग्नात आम्ही सिनेमातली गाणी वाजवली.

शहाण्णव साली मी काही कामानं मानकोलीला गेलो, तेव्हा तिच्या घरी डोकावलो. तिला दोन वर्षांचा मुलगा होता. इकडचं तिकडचं बोलताना ती एकदम म्हणाली, "दत्तूकाका, त्या वहीत माझाही भाग होता ना?"

"होता की. पहिला."

"तो फक्त एकदाच वाजला. कमळ गेल्यावर मी बाबाकडे तो कधी मागितला नाही. कसं मागणार? ती गेली होती, मी होते." मग म्हणाली, "पण मी होते, काका."

घरी आलो आणि सगळं रामदासला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन मानकोलीला गेला. मला सोबत नेलं.

लेकीसमोर खाली बसून त्यानं क्लॅरोनेट जोडलं, ओठाला लावलं, आणि तसाच राहिला. पहिला सूरच आठवेना. मंदानं दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. त्यानं त्या वाजवल्या. पुढचं तिलाही येत नव्हतं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मला आठवत होतं, पण माझं. उफोनियमचं. पों, पों, पोंपों. सुराला खालून धरणारं. त्याच्यावर काय चालायचं, ते मला काही केल्या सांगता आलं नाही.

"असू दे," मंदा म्हणाली. "जेवून जा दोघं."